‘घरी जा, स्वयंपाक करा’ म्हटल्यावर मूळ प्रश्नाचं काय होतं?

मे २०२२ मधली गोष्ट आहे. महाराष्ट्रातल्या महापालिका, जिल्हा परिषदा, नगरपालिकांमधलं ओबीसी आरक्षण कोर्टात अडकलं होतं. त्याच महिन्यात शेजारच्या मध्य प्रदेशाला मात्र सुप्रीम कोर्टाने आरक्षणासह निवडणुका घ्यायला परवानगी दिली. खासदार सुप्रिया सुळे यांनी जाहीरपणे विचारलं, मध्य प्रदेशाला मिळालं ते आपल्याला का नाही, दिल्लीत असं काय घडलं? तेव्हाचे भाजपचे प्रदेशाध्यक्ष चंद्रकांत पाटील यांनी एका आंदोलनात त्याचा समाचार घेतला. राजकारण कळत नसेल तर घरी जा, स्वयंपाक करा, असा त्यांच्या बोलण्याचा अर्थ होता.

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. व्हिडिओ फिरला, निषेध झाले, राज्य महिला आयोगाने दखल घेतली, पाटलांनी दिलगिरी व्यक्त केली. काही दिवस महाराष्ट्र स्वयंपाकाबद्दल बोलत राहिला.

मला त्यातली एक गोष्ट अजून टोचते. मध्य प्रदेशाला का मिळालं, या प्रश्नाला खरं उत्तर होतं आणि ते पाटलांच्या बाजूचंच होतं. सुप्रीम कोर्टाने २०२१ साली विकास गवळी खटल्यात तीन अटी घातल्या होत्या. त्यांना ‘तिहेरी चाचणी’ म्हणतात : स्वतंत्र आयोग नेमा, ओबीसींच्या मागासलेपणाची आकडेवारी गोळा करा, आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या वर नेऊ नका. मध्य प्रदेशाच्या आयोगाने अहवाल दिला आणि कोर्टाने त्याच्या आधारे परवानगी दिली. महाराष्ट्राचा अंतरिम अहवाल मात्र कोर्टाने मार्च २०२२ मध्ये नाकारला होता. तेव्हा राज्यात महाविकास आघाडीचं सरकार होतं, सुळे यांचा पक्ष त्यात होता आणि भाजप विरोधात. म्हणजे ‘तुमच्या सरकारने आकडेवारी दिली नाही म्हणून आपलं अडलं’ असं सडेतोड उत्तर विरोधी पक्षाच्या हातात तयार होतं. ते लोकांच्या डोक्यात राहिलं नाही. लक्षात राहिला तो स्वयंपाक. ज्या ओबीसी कार्यकर्त्याचं तिकीट त्या आरक्षणावर अवलंबून होतं, त्याच्या पदरात काय पडलं?

निवडणुकीच्या भाषेतल्या स्त्रीद्वेषाबद्दल आपण बोलतो तेव्हा बहुतेक वेळा ‘त्या बाईंचा अपमान झाला’ एवढ्यावर थांबतो. अपमान होतोच. पण त्याच वेळी मतदाराच्या हातातला प्रश्न काढून घेतला जातो, आणि त्याची तक्रार कोणीच करत नाही.

आधी शब्दाचा अर्थ

‘लिंगभेदी टीका’ हा शब्द पुस्तकी वाटतो, अर्थ सोपा आहे. एखाद्याची लायकी त्याच्या कामावरून न ठरवता तो पुरुष आहे की ती बाई आहे यावरून ठरवणं, म्हणजे लिंगभेद. तसं बोलून राजकीय वाद जिंकायला गेलं की ती लिंगभेदी टीका.

हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेचं उदाहरण घ्या. एका सभासद बाईंनी खजिनदाराला विचारलं, लिफ्टच्या दुरुस्तीचे दोन लाख कुठे गेले? खजिनदार हसून म्हणाले, ‘वहिनी, आधी घरचा हिशोब बघा.’ चार जण हसले, सभा पुढच्या विषयाकडे वळली. दोन लाख कुठे गेले ते कोणालाच कळलं नाही, हसणाऱ्या चौघांनाही नाही. लिफ्ट सगळ्यांचीच बंद आहे.

आता कबड्डीचं मैदान डोळ्यांसमोर आणा. चढाईला आलेल्या खेळाडूचा पट काढा, कमरेला पकड घाला, चौघांनी मिळून त्याला लोळवा. खेळ तसाच असतो आणि तसाच असावा. पण त्याचे केस ओढले, कपडे ओढले, की पंच शिट्टी मारतो. पकड सैल ठेवा असं तो सांगत नाही. जिथे धरल्याने खेळाचा निकाल लागायला हवा तिथे धरा, एवढंच त्याचं म्हणणं. राजकारणातल्या सभ्यतेबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे. गुळमुळीत बोला, ताई-दादा करत बोला, असं कोणी मागत नाही.

मग बाईवर टीकाच करायची नाही का?

जरूर करावी, आणि सणसणीत करावी. पाच वर्षांत मतदारसंघात किती वेळा आलात, सभागृहात किती प्रश्न विचारलेत, निधी कुठे खर्च केलात, पक्ष का बदललात, वडिलांच्या नावाशिवाय तुमचं काय आहे : हे सगळं विचारता येतं. शेवटच्या प्रश्नावर थोडं थांबायला हवं. घराणेशाहीची टीका रास्त आहे, पण ती मुलांवरही त्याच जोराने व्हायला हवी. मुलाला ‘वारसदार’ आणि मुलीला ‘बापाच्या जिवावर उड्या मारणारी’ म्हणत असू, तर आपण घराणेशाहीबद्दल बोलत नाही आहोत.

नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेच्या प्रचारात मुंबादेवी मतदारसंघात हा फरक फार स्पष्ट दिसला. शायना एन. सी. भाजपमधून शिंदे यांच्या शिवसेनेत आल्या आणि तिथून उभ्या राहिल्या. ठाकरे गटाचे खासदार अरविंद सावंत यांना म्हणायचं होतं की उमेदवार बाहेरचा आहे. हा मुद्दा शंभर टक्के वैध आहे. मतदाराला तो कळायलाच हवा. पण सावंत बोलले ते ‘इम्पोर्टेड माल’ आणि ‘ओरिजिनल माल’ या भाषेत. शायना यांनी नागपाडा पोलिसांत तक्रार दिली, गुन्हा दाखल झाला, आणि सावंतांना खेद व्यक्त करावा लागला. ‘माल’ हा शब्द आपण आपल्या पुरुष उमेदवारालाही वापरला होता, असं त्यांचं म्हणणं होतं. वाक्यापुरतं ते खरंही आहे. पण मुंबईच्या रस्त्यावर पुरुषाला ‘माल’ म्हटल्यावर आणि बाईला ‘माल’ म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात एकच चित्र येतं, असं कोणी छातीवर हात ठेवून सांगेल का? ‘उपऱ्या उमेदवार आहेत, मुंबादेवीचं पाणी कोणत्या गल्लीत येत नाही ते त्यांना सांगता येईल का?’ असं विचारलं असतं, तर शायना यांना उत्तर द्यावं लागलं असतं. प्रत्यक्षात उत्तरं सावंतांनाच देत बसावी लागली.

धारदार आणि तरीही नितळ टीका कशी असते हे बघायचं तर १९७७ मध्ये जावं लागेल. गोरेगावच्या मृणाल गोरे पाण्याच्या प्रश्नावर लढल्या म्हणून लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणत. त्या लोकसभेत निवडून आल्या आणि इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या, तेव्हा मुंबईत घोषणा गाजली : ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’. पराभूत पंतप्रधानांची याहून झोंबरी टर कोणती असेल? तरी त्यात ना कोणाचं रूप आहे, ना चारित्र्य, ना वैधव्य. दोघींनाही ‘बाई’च म्हटलं आहे, आणि निकाल लागला आहे तो राजकारणाचा. याच इंदिराबाईंना सुरुवातीच्या काळात लोहियांनी ‘गूंगी गुडिया’ म्हटलं होतं. लोहिया मोठे नेते होते, स्त्रियांच्या प्रश्नांवर त्यांनी पुष्कळ लिहिलं आहे, तरीही ‘बाहुली’ त्यांच्याच तोंडून आली. पक्ष आणि विचारधारा पाहून ही सवय ठरत नाही.

‘पुरुष नेत्यांनाही लोक काय काय बोलतात’

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो, आणि त्यात तथ्य आहे. पुरुषांना चोर, गद्दार, खोकेवाले, भ्रष्ट म्हणतात. जाडेपणावरून आणि बोलण्याच्या ढबीवरूनही टोमणे मारतात. पण गद्दार या शब्दात एक आरोप आहे : तू पक्ष सोडलास. त्याला उत्तर देता येतं, का सोडला ते सांगता येतं. ‘बाई आहेस, तुला काय कळतं’ याला काय उत्तर देणार? बाई असण्याचा खुलासा कसा करायचा?

शिवाय बाईला दोन्हीकडून घेरलं जातं. मोठ्याने बोलली तर आक्रस्ताळी, हळू बोलली तर नेतृत्वाला कमकुवत. नीटनेटकी साडी नेसली तर मिरवायला आली, साधी नेसली तर नाटक. लग्न झालेलं असेल तर सगळं नवराच बघतो, झालेलं नसेल तर त्याविषयी कुजबुज. घर सांभाळून राजकारण केलं तर वेळ देत नाही, घर सोडून केलं तर घर सोडलं. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच. एखादा पुरुष आमदार रात्री दोनपर्यंत कार्यकर्त्यांत बसतो तेव्हा त्याच्या मुलांना कोणी जेवायला घातलं, हे त्याला कोणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही.

अॅम्नेस्टी इंटरनॅशनल इंडियाने २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात ९५ महिला नेत्यांचा उल्लेख असलेले १,१४,७१६ ट्वीट तपासले. त्यातले १३.८ टक्के, म्हणजे साधारण सातातला एक, त्रासदायक किंवा शिवीगाळ करणारा निघाला. सकाळी उठून फोन हातात घेतल्यावर सातातला एक संदेश असा येत असेल, तर ती बाई दुपारच्या सभेला कोणत्या मनाने जात असेल?

‘कौतुक केलं तर त्यात काय बिघडलं?’

मलाही पूर्वी हा प्रश्न पडायचा. ‘आमच्या उमेदवार ताई दिसायलाही सुंदर आहेत’ असं एखाद्या वक्त्याने म्हटलं तर त्याचा हेतू वाईट नसतो. पण अमेरिकेत २०१३ साली एक पाहणी झाली. मतदारांना एक काल्पनिक महिला उमेदवार आणि एक काल्पनिक पुरुष उमेदवार यांची माहिती दिली. काहींना तिच्या दिसण्या-पेहरावाबद्दल बरं वर्णन वाचायला दिलं, काहींना वाईट, काहींना तटस्थ. तिन्ही वेळा तिचा पाठिंबा घटला. कौतुकानेही घटला. कारण ऐकणाऱ्याचं लक्ष तिच्या म्हणण्यावरून उडून तिच्या पदराकडे जातं. त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली, जी मला उपयोगी वाटते : माझ्या दिसण्याचा इथे काही संबंध नाही, असं त्या उमेदवाराने स्पष्ट सांगितलं की गमावलेला पाठिंबा बऱ्याच प्रमाणात परत आला. ‘दुर्लक्ष करा, बोलून वाढवू नका’ हा घरोघरी दिला जाणारा सल्ला त्यामुळे दरवेळी बरोबर असतोच असं नाही.

‘आमच्याकडे गावाकडे असंच बोलतात’

पाटलांनीही नंतर असाच खुलासा केला होता, की गावाकडे हा बोलण्याचा भाग असतो. गावाकडची भाषा रांगडी असते, हे खरं. तिचा मला अभिमान आहे. पण तिच्या नावावर हे खपवणं तिच्यावरच अन्याय आहे. ग्रामसभेत ‘रस्त्याचं खडीकरण खाल्लं का रे भाड्या’ असं विचारणारा म्हातारा रांगडा असतो. त्याचा रोख खडीवर असतो.

आणि स्वयंपाकघराचंच म्हणाल तर या राज्यात ते राजकारणाबाहेर कधीच नव्हतं. १९७२ नंतरच्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्याबरोबर हजारो गृहिणी हातात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. तेल, रॉकेल, साखर यांचे भाव काय आहेत हे मंत्रालयातल्या कोणाहीपेक्षा त्यांना जास्त कळत होतं, आणि ते कळत होतं याचं कारण त्या स्वयंपाक करत होत्या.

‘बायकाही बोलतातच की’

बोलतात. मार्च २०२४ मध्ये काँग्रेसच्या प्रवक्त्या सुप्रिया श्रीनेत यांच्या खात्यावरून कंगना राणावत यांच्याबद्दल गलिच्छ पोस्ट गेली. ती आपण लिहिली नव्हती, असा त्यांचा खुलासा होता. निवडणूक आयोगाने त्यांना समज दिली. त्याच दिवशी ममता बॅनर्जींच्या वडिलांवरून बोलणाऱ्या भाजपच्या दिलीप घोष यांनाही दिली. बाई बोलली म्हणून ते कमी लिंगभेदी ठरत नाही.

यातलं सर्वांत मुरलेलं उदाहरण तर आपल्या आंदोलनांतच आहे : बांगड्या. अधिकारी काम करत नाही, त्याला बांगड्यांचा आहेर. मंत्री घाबरला, त्याने बांगड्या भरल्यात. कित्येकदा हा आहेर द्यायला महिला आघाडीच पुढे असते, आणि स्वतःच्या हातातल्या बांगड्यांनी आपण काय म्हणतो आहोत हे लक्षात येत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये देवेंद्र फडणवीस म्हणाले की शिवसेनेने बांगड्या भरल्या असतील, भाजपने नाही. तेव्हा आदित्य ठाकरे यांनी त्यावर आक्षेप घेतला आणि माफी मागायला सांगितलं. बांगड्या सर्वांत कणखर बायका घालतात, असं त्यांनी म्हटलं. आक्षेप बरोबर होता. पण हा वाक्प्रचार महाराष्ट्रातल्या सगळ्याच पक्षांच्या व्यासपीठांवर वाढलेला आहे. यात समोर बाई नसतेच. पुरुषाला हिणवायचं असतं, आणि त्यासाठी ‘बाई’ हीच शिवी म्हणून वापरली जाते.

कायदा काय करू शकतो?

आचारसंहिता म्हणजे निवडणूक जाहीर झाल्यापासून निकालापर्यंत पक्षांनी पाळायचे नियम. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या खासगी आयुष्यावर टीका करू नये, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. अडचण अशी की आचारसंहिता हा संसदेने केलेला कायदा नाही. तिच्या जोरावर कोणाला तुरुंगात टाकता येत नाही. आयोगाच्या हातात संविधानाच्या कलम ३२४ मधले अधिकार आहेत. ते किती वापरायचे, हे बरंचसं आयोगाच्या इच्छेवर असतं.

एप्रिल २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने याच अधिकारांबद्दल आयोगाला खडसावून विचारलं, आणि त्याच दिवशी आयोगाने एकदम चार नेत्यांवर प्रचारबंदी घातली. त्यात जयाप्रदा यांच्याबद्दल अश्लाघ्य बोललेल्या आझम खान यांना ७२ तास होते. २०२४ मध्ये हेमा मालिनींबद्दलच्या वक्तव्यासाठी काँग्रेसचे रणदीप सुरजेवाला यांना ४८ तास, आणि ममता बॅनर्जींबद्दल बोललेल्या भाजपच्या अभिजित गंगोपाध्याय यांना २४ तास. हे गंगोपाध्याय राजकारणात येण्याआधी कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती होते. पंच खेळाडूला काही काळ बाहेर बसवतो, पण गुण कापत नाही. आणि त्या तासांत जुना व्हिडिओ फिरतच असतो.

भारतीय न्याय संहितेचं कलम ७९ आहे. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने शब्द उच्चारले तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सावंतांवर हेच कलम लागलं होतं. पण खटला उभा राहीपर्यंत निवडणूक केव्हाच संपलेली असते. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३(४) जास्त धारदार आहे, कारण त्याखाली निवडणूकच रद्द होऊ शकते. मात्र ते लागतं उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल खोटी माहिती जाणूनबुजून पसरवली तर. निकालानंतर ४५ दिवसांत हायकोर्टात जाऊन ते सिद्धही करावं लागतं. ‘माल’ किंवा ‘स्वयंपाक करा’ ही माहितीच नाही, त्यामुळे ती खरी-खोटी ठरवणार कशी? अपमान या चाळणीतून अलगद निसटतो.

म्हणून मला पक्षांची जबाबदारी सर्वांत मोठी वाटते. तिकीट पक्ष देतो, व्यासपीठ पक्षाचं असतं, ‘स्टार प्रचारकां’ची यादी पक्ष करतो. त्या यादीतून एक नाव वगळायला कोर्टाची तारीख लागत नाही.

याची किंमत कोण भरतं?

ऑक्टोबर २०२४ मध्ये संगमनेर तालुक्यातल्या धांदरफळच्या सभेत एका वक्त्याने बाळासाहेब थोरात यांच्या कन्या जयश्री थोरात यांच्याबद्दल अत्यंत हीन वक्तव्य केलं. त्या उमेदवारही नव्हत्या, वडिलांच्या प्रचारात फिरत होत्या. त्या रात्री तालुक्यात तणाव पसरला, गाड्या जाळल्या गेल्या, पुढे वक्त्याला अटक झाली. पण त्या सभेचं वृत्त ज्या ज्या घरात टीव्हीवर दिसलं, तिथल्या एखाद्या हुशार, बोलक्या मुलीच्या आईने काय ठरवलं असेल? इतक्या मोठ्या घरातल्या मुलीला असं बोलतात, तर आपल्या पोरीचं काय. ती मुलगी उमेदवारी अर्ज भरणार नाही, आणि ती कुठल्याही आकडेवारीत दिसणार नाही.

दिसतात ते आकडे असे. २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभेत २८८ पैकी २१ महिला निवडून आल्या, २०१९ मध्ये २४ होत्या. गोव्याला १९७३ मध्येच शशिकला काकोडकर यांच्या रूपाने महिला मुख्यमंत्री मिळाल्या. महाराष्ट्राला अजून एकही मिळालेली नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये मात्र आपल्याकडे २०११ पासून निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, म्हणजे राजकारणाचं काम येणाऱ्या बायका गावोगावी आहेत.

बंगालमधला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. तिथे एक तृतीयांश ग्रामपंचायतींचं प्रधानपद, म्हणजे आपल्याकडचं सरपंचपद, चक्राकार पद्धतीने महिलांसाठी राखीव होतं. संशोधकांनी एका पुढाऱ्याचं भाषण ध्वनिमुद्रित केलं, शब्दाला शब्द तेच. काही गावकऱ्यांना ते पुरुषाच्या आवाजात ऐकवलं, काहींना बाईच्या, आणि हा पुढारी कसा वाटतो ते विचारलं. जिथे कधी महिला प्रधान झालीच नव्हती, तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजाला कमी गुण दिले. भाषण तेच, तरी ते कमी हुशार वाटलं. जिथे महिला प्रधानाचा कारभार लोकांनी पाहिला होता, तिथे हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. पुढारी पुरुषच असलेला बरा, ही आवड तिथेही फारशी बदलली नव्हती, हेही सांगायला हवं. पण बाईचं बोलणं ऐकून त्याला योग्य गुण देण्याइतका कान तयार झाला होता.

आपल्या सभांमधल्या, टीव्हीवरच्या चर्चांमधल्या अशा बोलण्याने नेमका हाच कान तयार होऊ दिला जात नाही. तो तयार करण्याचं काम सूत्रसंचालकाच्या, वार्ताहराच्या आणि पहिल्या रांगेत बसणाऱ्या कार्यकर्त्याच्या हातात आहे. मे २०२२ मध्ये पाटलांसमोर डझनभर माइक होते. नंतरच्या दिवसांत त्यांना ‘माफी मागणार का’ हे पुन्हा पुन्हा विचारलं गेलं, आणि ते विचारायलाच हवं होतं. त्याच्या जोडीला एखाद्याने असंही विचारायला हवं होतं : साहेब, स्वयंपाकाचं बाजूला ठेवा, मध्य प्रदेशाच्या आयोगाने कोर्टात कोणती आकडेवारी दिली आणि आपली कुठे कमी पडली, तेवढं सांगा.